पावसाळ्यात खडकाळ किनाऱ्यावर जायचं तर आधी तिथी बघा

मुलुंडच्या एका कुटुंबाचा प्रश्न आहे. नवरा-बायको, ११ आणि १४ वर्षांची दोन मुलं आणि ६८ वर्षांच्या आई असे पाच जण. ऑगस्टमध्ये पाच दिवसांची सुट्टी आहे. स्वतःच्या गाडीने निघायचं, वाटेत हरिहरेश्वर करायचं, मग गुहागर ते देवगड असा खडकाळ किनारा धरून खाली जायचं, रोज नव्या गावात मुक्काम, आणि ओहोटीच्या वेळी मुलांना खडकांवरून फिरवायचं, असा त्यांचा बेत आहे. 'सीझन नसल्यामुळे गर्दी नाही, खोल्याही स्वस्त मिळताहेत. यात आणखी कुठली ठिकाणं घालू आणि समुद्राच्या किती जवळ जाऊ?' असं त्यांनी विचारलंय.

गेली २२ वर्षं मी मुंबईहून आठ-दहा जणांचे गट घेऊन कोकणच्या खडकांवर जाते, आणि त्यातल्या निम्म्या तरी सहली पावसाळ्यात किंवा त्याच्या आगेमागे झाल्या आहेत. पावसाळ्यातलं कोकण मला फार आवडतं. त्यामुळे पुढे मी तुमचा बेत बराच कापणार आहे, तो तुम्ही जाऊ नये म्हणून नव्हे. जा, नक्की जा. पण या बेतात आणखी ठिकाणं घालायला जागा नाही, उलट आहेत त्यातली निम्मी काढावी लागतील.

आधी खडकांवर चालण्याबद्दल, कारण मुलांना तेच सांगून ठेवलेलं दिसतंय. मे महिन्यातली ओहोटी आणि ऑगस्टमधली ओहोटी यांत फार फरक असतो. मे महिन्यात पाणी मागे गेलं की मागेच राहतं. ऑगस्टमध्ये पाणी मागे गेलेलं दिसतं, पण नैर्ऋत्येचा वारा बाहेरून लाटा ढकलत असतो आणि त्यातली एखादी लाट सोडलेल्या खडकावर पुन्हा चढते. आमचा एक ठरलेला नियम आहे. किनाऱ्याजवळच्या लाटांची उंची अंदाजात दीड मीटरच्या वर दाखवली असेल तर गट खाली उतरत नाही. ऑगस्टमध्ये बहुतेक दिवस ती त्याहून जास्तच असते. म्हणजे तुमच्या पाच दिवसांत खडकावर उतरायला एखादी सकाळ मिळेल, कदाचित एकही मिळणार नाही. खडकांवर चालणं हीच मुख्य इच्छा असेल तर ऑगस्ट सोडा आणि ऑक्टोबर घ्या. पाऊस सरलेला असतो, समुद्र हळूहळू निवळत असतो, दिवाळीची गर्दी यायची असते, आणि खोल्या तेव्हाही स्वस्तच असतात. फक्त दुपारनंतरच्या गडगडाटी पावसाकडे लक्ष ठेवायचं आणि वीज कडाडायला लागली की उघड्या सड्यावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळाच्या पठारावर, थांबायचं नाही.

ऑगस्टच घ्यायचा असेल तर बेत असा आखा की एकदाही खडकावर उतरता आलं नाही तरी सहल पुरी वाटेल. मग ओहोटीची एखादी सकाळ मिळाली तर ती वरकड.

आता तिथीबद्दल. मुंबईच्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या चालत आलेला एक हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. त्या दिवशी पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती पुरी होते आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे सकाळी सव्वानऊच्या आसपास पाणी सगळ्यात खाली. नागपंचमीला भरती पावणेचारला, ओहोटी सकाळी दहाला. गोकुळाष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी दुपारी सव्वाबाराला. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. रोज वेळ साधारण ४५ ते ५० मिनिटांनी पुढे सरकते. रत्नागिरी-देवगडकडे भरती मुंबईच्या आधी लागते, त्यामुळे तिथे या वेळेच्या तासभर आधीच तयार राहायचं. नेमक्या वेळा भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळतात, त्या निघण्याआधी कागदावर उतरवून घ्या, कारण तिथे मोबाइलला रेंज असेलच असं नाही. पण तारखा ठरवताना घरातलं कालनिर्णय पुरतं.

वेळेइतकंच महत्त्वाचं म्हणजे पाणी किती हटतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. भरती खूप वर येते आणि ओहोटीही खूप लांब जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. उधाणाचा जोर पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात जास्त असतो. हे सगळं एकत्र केलं तर खडकांसाठी चांगल्या तिथी निघतात त्या तृतीया, चतुर्थी, पंचमी. जोर अजून टिकून असतो, पाणी चांगलं मागे जातं आणि ओहोटी सकाळी साडेसात ते दहामध्ये पडते. म्हणजे भरपूर उजेड, आणि परत फिरायला अख्खा दिवस हाताशी. अष्टमीला ओहोटी भर दुपारी सोयीची वाटते, पण खडक पुरते उघडेच पडत नाहीत. ऐन पौर्णिमेला ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. संध्याकाळच्या ओहोटीला मी कधीच उतरत नाही. परतताना अंधारही पडत असतो आणि पाणीही वाढत असतं.

आणि उतरायचं ते ओहोटीच्या दीड तास आधी, पाण्याच्या मागोमाग. ओहोटी पुरी झाली की वळायचं. ओहोटी पुरी झाल्यावर चालायला सुरुवात करणारे लोक मी दर वर्षी बघते. तासाभरात त्यांच्या मागच्या घळीत पाणी भरतं आणि पुढचा खडक बेट होतो.

आता रस्त्याकडे येऊ. गुहागर ते देवगड नकाशात सरळ रेघ दिसते. प्रत्यक्षात वाटेत खाड्या आहेत. दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड इथे गाडी घेऊन जाणारी जंगलजेटी आहे. पावसाळ्यातही ती चालते, पण वारा आणि पाणी वाढलं की काही तास किंवा दिवसभर बंद राहते. तवसाळला जेटी बंद मिळाली तर भातगावच्या पुलावरून वळसा पडतो. दाभोळला बंद मिळाली तर थेट चिपळूणवरून. एकदा तवसाळला आम्ही अडीच तास जेटीची वाट पाहत बसलो आणि शेवटी वळसा घेऊन रात्री साडेनऊला मुक्कामी पोचलो. गटात दोन आजी होत्या. अंधार, पाऊस, वळणावळणाचा रस्ता आणि समोरून येणाऱ्या गाडीचे प्रखर दिवे. त्या दिवसापासून मी पावसाळ्यातल्या एका दिवसात खाडी आणि मुक्काम बदलणं या दोन गोष्टी एकत्र ठेवत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. दाभोळ, गुहागर, वेळणेश्वर हा वरचा पट्टा या वेळी सोडा. रत्नागिरी ते विजयदुर्ग एवढाच किनारा घ्या. मुक्काम दोनच ठेवा. पहिला रत्नागिरीच्या आसपास, हवं तर गणपतीपुळे-मालगुंडकडे, दोन रात्री. दुसरा विजयदुर्ग किंवा देवगडला, दोन रात्री. या पट्ट्यात पूर्णगडच्या आणि जैतापूरच्या खाडीवर पूल आहेत, त्यामुळे जेटीवर काही अडून राहत नाही.

गाडीही मी घरी ठेवायला सांगेन. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर पावसाळ्यात काय होऊ शकतं ते आपण पाहिलंय. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. त्यानंतर काही ठिकाणी रस्ता सुधारला, कशेडीला बोगदा झाला, पण मुसळधार पावसात घाटात दरडीची भीती आहेच. आईंना दहा-बारा तास गाडीत बसवण्यापेक्षा रेल्वे कितीतरी बरी. मांडवी एक्सप्रेस ठाण्याला थांबते, तुम्हाला मुलुंडहून तेच जवळ. दिवसाउजेडी जाते, त्यामुळे चिपळूणनंतरच्या नद्या, भातखाचरं, डोंगरावरून उतरणारं पाणी सगळं खिडकीतून दिसतं. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे, मुलांना घड्याळ लावून मोजायला सांगा. रत्नागिरीला उतरलात की स्थानिक गाडी चालकासह ठरवा. कुठल्या वळणावर पाणी साचतं, कुठला मोरीपूल बुडतो हे त्या माणसाला ठाऊक असतं, आणि पावसाळ्यात ते ठाऊक असणाऱ्या माणसाचे पैसे वसूल होतात.

कोकण रेल्वेचं पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक असतं. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत गाड्या मुद्दाम कमी वेगाने चालवतात आणि वेळा बदलतात, तेव्हा जुन्या वेळेवर विसंबू नका. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. त्या वर्षी गणपती कधी येतात तेही बघा. चाकरमानी निघाले की ना तिकीट मिळत, ना रस्ता मोकळा मिळत. परतीचं तिकीट कामावर रुजू व्हायच्या आदल्या दिवसाचं काढू नका, मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, त्यासाठी सुट्टी एक दिवस वाढवावी लागली तरी. सोमवारी ऑफिस असेल तर शनिवारी परत या. गाडी रद्द झाली तरी मग कुणाला रात्री-अपरात्री घाटातून धावत यावं लागत नाही.

या पट्ट्यात बघायचं काय? आईंसकट सगळ्यांना समुद्र उंचावरून दाखवा. पावसाळ्यातला समुद्र उंचावरूनच खरा कळतो. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाताना आरे-वारेचा रस्ता आहे. एका वळणावर डावीकडे दोन्ही पुळणी (वाळूचे किनारे) आणि मधला खडकाचा सुळका एकदम दिसतो, आणि समुद्र खालपासून वरपर्यंत गढूळ, चहासारखा. जयगडचा किल्ला मुख्य भूमीवरच आहे, गाडी जवळपर्यंत जाते. रत्नदुर्गावरून भगवती बंदराची बाजू बघा. खाली आलात तर पूर्णगड, मग कशेळीचं कनकादित्याचं लाकडी कोरीव मंदिर, आणि त्याच गावचा देवघळीचा कडा. आंबोळगडला गगनगिरी महाराजांचा आश्रम खडकाच्या टोकावर आहे, तिथे आईंना बसायला जागा मिळेल. खाली लाट आदळली की आवाज आधी पायाला जाणवतो, मग कानाला.

विजयदुर्गासाठी अर्धा दिवस पुरणार नाही, अख्खी सकाळ द्या. २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात तो आहे, आणि त्या यादीतल्या सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्गासारखी होडी त्याला लागत नाही. पावसाळ्यात त्या जलदुर्गांच्या होड्या बंद असतात, मालवणचं स्कुबा आणि बाकीचे जलक्रीडा प्रकारही बंद. 'माझी होडी आहे, नेतो' असं कुणी म्हटलं तरी हात जोडा. विजयदुर्गाच्या आतून तटाला लागून फिरता येतं, पण ओल्या तटाच्या कडेवर चढू नका. चिऱ्यांच्या फटींत झाडं रुजतात, पावसात माती निघते आणि वरून भक्कम दिसणारा दगड खालून सुटलेला असतो.

सड्याच्या कडेचंही तेच. रत्नागिरी-राजापूरकडचा जांभा वरून कडक असतो, उन्हापावसाने त्याची जणू भाकरी झालेली असते. त्याच्या खाली मऊ माती. खालून लाटा आणि वरून झिरपणारं पाणी ती माती काढून नेतात आणि वरची कडा पोकळीवर टांगलेली राहते. वर उभं राहून हे दिसत नाही. कडेपासून दोन माणसांच्या उंचीइतकं आत थांबायचं, आणि कडेला समांतर जाणारी भेग दिसली तर तिच्याही मागे. फोटोसाठी नाही म्हणजे नाही.

सड्यावर ऑगस्टच्या उत्तरार्धापासून फुलं येतात. सीतेची आसवं, गेंद, तेरडा, सोनकी. गुडघ्यांवर बसून बघावी लागतात, इतकी बारीक. कातळशिल्पं बघायची इच्छा मुलांना असेलच. कशेळीचा हत्ती, देवाचे गोठणे, बारसू, उक्षी. ही कातळशिल्पं २०२२ पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. पण खरं सांगायचं तर भर पावसात ती नीट दिसत नाहीत. कोरलेल्या रेघांत पाणी आणि शेवाळ भरलेलं असतं. उघडीप मिळाली तर तिरप्या उन्हात, सकाळी लवकर जा. रेघांत पाय घालू नका, पाणी काढायला काठीने खरवडू तर अजिबात नका.

सड्यावर फुरसं नावाचा विषारी साप असतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या जांभ्यावर ते पूर्वीपासून आहे. लहान, मातकट, दगडाखाली दडलेलं. दगड उलटायचा नाही, हात न बघता फटीत घालायचा नाही, संध्याकाळनंतर बॅटरीशिवाय अंगणातही उतरायचं नाही. चावलंच तर पाय बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करू नका. माणसाला शांत बसवा, चावलेला भाग हलू देऊ नका आणि सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा. प्रतिविष तिथे मिळतं. म्हणून मुक्कामी पोचल्यावर यजमानांना पहिल्याच संध्याकाळी विचारून ठेवायचं की जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं आणि रात्री तिकडचा रस्ता चालू असतो का.

आता समजा ती एक चांगली सकाळ मिळाली. लाटा उतरल्यात, तृतीया किंवा चतुर्थी आहे, पाऊस थांबलाय. तरीही खाली उतरण्याआधी वरच्या कोरड्या जागी २० मिनिटं घड्याळ लावून बसा. समुद्र लाटा सारख्या मापाच्या पाठवत नाही. दहा मिनिटं लहान लहान येतात आणि मग तीन-चार मोठ्या लागोपाठ. त्या मोठ्या कुठवर पोचल्या ते लक्षात ठेवायचं आणि त्याच्याही बऱ्याच वर राहायचं.

खडकही बोलतो, नीट बघितलं तर. वरचा भाग करडा, खरखरीत, त्यावर दगडफुलाचे ठिपके. इथे रोजचं पाणी येत नाही. त्याच्या खाली एक काळा पट्टा दिसेल, जणू कुणी डांबर सारवलंय. हा पट्टा सगळ्यात फसवा. ते डांबर नव्हे, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचा थर आहे. कोरडा असताना त्यावर पाय बसतो आणि ओला झाला की साबणासारखा निसटतो. त्याच्याही खाली पांढुरकी कालवं आणि खडकाला चिकटलेले बारीक टोकदार शंकू. तिथे पाय घसरत नाही, पण पडलात तर कालवाची कड ब्लेडसारखी कापते. आणि अगदी खाली हिरवं शेवाळ, तिथे मुलांचं काही काम नाही. मुलांना फक्त करड्या भागावर ठेवा. तिथल्या डबक्यांतही खेकडे, शंख असतात, दोन तास कसे जातात कळत नाही.

१५ वर्षांपूर्वी जयगडच्या दक्षिणेला एका खडकावर माझ्या गटातली एक मुलगी त्या काळ्या पट्ट्यावरून घसरली. समुद्र शांत होता, मी स्वतः पाहणी केली होती, पण २० मिनिटं बसले नव्हते, सात-आठ मिनिटांतच उठले होते. एक मोठी लाट आली. ती फक्त घोट्यापर्यंत होती, घोट्यापर्यंतच, पण परत जाताना तिने पाय ओढला. मुलगी कालवांवर आपटली आणि तिथेच अडकली म्हणून वाचली. तिच्या गुडघ्याला नऊ टाके पडले. घोट्याएवढ्या पाण्याला काय ओढ असते ते मी त्या दिवशी पाहिलं. ती चूक माझी होती, म्हणून २० मिनिटांबद्दल मी कुणाशी घासाघीस करत नाही.

रेल्वेने गेलात तर हरिहरेश्वर या वेळी सुटेल, पण कधी तिकडे गेलात तर हाच विचार तिथेही लावा. देवळामागची प्रदक्षिणेची वाट खडकांतल्या फटीतून पायऱ्या उतरून समुद्राच्या कडेने जाते. मधाच्या पोळ्यासारखा झिजलेला तिथला खडक फार देखणा आहे आणि नेमक्या त्याच ठिकाणी लाटांनी माणसं ओढून नेली आहेत. पावसाळ्यात दर्शन घ्या, प्रदक्षिणा हिवाळ्यासाठी ठेवा. गुहागरकडच्या हेदवीच्या बामणघळीचंही तसंच. उधाणाच्या भरतीला त्या चिंचोळ्या घळीतून पाण्याचा फवारा उंच उडतो. तो देवळाच्या बाजूने, लांबून बघायचा. घळीच्या काठावर उभं राहून आत डोकावायचं नाही.

पुळणीवर पोहायचं का, असं मुलं विचारतील. ऑगस्टमध्ये नाही, घोट्यापर्यंतही नाही. खडकाच्या टोकाला लागून पुळणीचा जो भाग असतो तिथे पाणी वरून शांत दिसतं, कारण आत आलेलं पाणी तिथूनच परत बाहेर जात असतं. शांत दिसतं म्हणून लोक नेमके तिथेच उतरतात. शिवाय या दिवसांत किनाऱ्यावर निळसर फुग्यासारखे, लांब धाग्यांचे जीव वाहून येतात. मेलेले दिसले तरी त्यांचे धागे डंख करतात.

कुणी पाण्यात पडलंच तर मागोमाग उडी मारायची नाही, हे घरातल्या प्रत्येकाला निघण्याआधी सांगा. तरंगणारा पॉलिप्रॉपिलिनचा १५ मीटर दोर आणि झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन सोबत ठेवा, दोराला कॅन बांधून फेकता येतो. पडलेल्याला ओरडून सांगायचं की खडकाकडे येऊ नकोस, बाहेर तरंगत राहा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, पोलीस ११२, रुग्णवाहिका १०८. पण सगळ्यात आधी जवळच्या कोळ्याला हाक मारा.

हवामान खात्याचा अंदाज रोज सकाळ-संध्याकाळ बघायचा. नारिंगी इशारा म्हणजे दिवसाला ११५ ते २०४ मिलिमीटर पाऊस होऊ शकतो. त्या दिवशी ना खडक, ना घाट. लाल इशारा असेल तर मुक्कामातून हलायचंच नाही. पण पावसाचा इशारा आणि समुद्राचा इशारा वेगवेगळे असतात, हे बरेच जण विसरतात. लख्ख ऊन असतानाही दूरवरच्या वाऱ्याने उठवलेल्या लाटा किनाऱ्यावर येऊन आदळतात. लाटांचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था देते, तो वेगळा बघा.

राहायला घरगुती सोय घ्या, आणि ठरवण्याआधी फोनवर दोन-तीन गोष्टी विचारा. वीज गेली तर इन्व्हर्टर किती वेळ चालतो? आईंसाठी खोली तळमजल्यावर आहे का, आणि संडास-बाथरूमला अंगणातून जावं लागतं का? ओल्या जांभ्याच्या अंगणात रात्री पाय घसरणं हा आईंना खडकांपेक्षा मोठा धोका आहे. बुकिंगचे सगळे पैसे आगाऊ देऊ नका, आणि पावसामुळे तारीख पुढे ढकलावी लागली तर चालेल का ते आधीच बोलून घ्या. बहुतेक लोक हो म्हणतात, त्यांनाही पाऊस ठाऊक असतो. रोख पैसे मुंबईहूनच न्या.

जेवणाचं एक सांगते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते, आणि पुष्कळ कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. ऑगस्टच्या सुरुवातीला जाऊन पापलेट मागाल तर समोर येईल ते बर्फातलं. त्यापेक्षा घरात जे शिजतं ते मागा. सोड्यांचं कालवण, सुका जवळा, कुळथाची पिठी आणि भात, फणसाच्या आठळ्या घातलेली अळूची भाजी, टाकळा, फोडशी. श्रावणात काही घरांत मासे-मटण होत नाही, तो त्यांचा नेम असतो, आग्रह करू नका. यजमान दुपारपर्यंत शेतावर असतील तर जेवणाला उशीर होईल, मुलांच्या खाऊची सोय जवळ ठेवा. १४ वर्षांच्या मुलाला शेतात उतरायचं असेल तर यजमानांना विचारा. गुडघाभर चिखलात अर्धा तास बेणणी (तण काढणं) केली की समुद्र न दिसल्याची तक्रार उरत नाही, हे मी अनेकदा पाहिलंय. पायाला जखम असेल तर मात्र चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात उतरू देऊ नका, लेप्टोचा (अशा पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाचा) धोका तिथेही आहे.

छत्र्या नेऊ नका, सड्यावरच्या वाऱ्यात एक टिकत नाही. शर्ट-पँट असा दोन तुकड्यांचा रेनकोट घ्या. चप्पल-बुटांत मागे पट्टा असलेली, मऊ रबरी तळाची सँडल. गमबूट खडकावर वाईट, आत पाणी भरलं की पाय जड होतो. जीन्स एकही नको, पाच दिवसांत वाळणार नाही.

आणि निघण्याआधी मुंबईतच एक तालीम करा. उधाणाचा एखादा रविवार बघून मुलांना मरीन ड्राइव्हला न्या, भरतीच्या अर्धा तास आधी. कठड्यापासून लांब, रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर बसा. धाकट्याच्या हातात वही द्या आणि थोरल्याच्या हातात घड्याळ. कठड्यावरून पाणी उडालं की वहीत एक रेघ आणि पुढे वेळ. तासाभराने दोघांना रेघांमधली अंतरं मोजायला सांगा. काही रेघा जोडीने आलेल्या असतील, काहींच्या मध्ये पाच-दहा मिनिटं कोरडी गेलेली असतील. ती वही कोकणात सोबत आणा. देवघळीच्या कड्यावर किंवा विजयदुर्गाच्या तटाआड बसून २० मिनिटं मोजायचं काम त्या दोघांकडेच द्या, आणि 'आज उतरायचं का' हे आधी त्यांना वहीत बघून सांगू द्या.